तारीख बदला, स्टेज काढा

पत्र : सप्रेम शालोम. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी (ज्यू). मुलाचा जन्म 10 डिसेंबर 2013 चा, म्हणजे या डिसेंबरात त्याचा बार मिट्झ्वा (मुलगा तेरा वर्षांचा होऊन धर्माने जाणता झाल्याचा विधी). पाहुणे साधारण 130. त्यांत इस्राएलमधल्या अश्दोदहून येणारे चौदा जण, मुलाच्या वर्गातली बावीस मुलं-मुली, सोसायटीतले शेजारी (बरेचसे शाकाहारी, तीन घरं जैन) आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. यजमानांनी रविवार, 20 डिसेंबरचा हॉल बघून ठेवलाय, पैसे अजून भरलेले नाहीत. त्यांना डीजे हवा. सासूबाई 78 वर्षांच्या, कानाला मशीन. त्या म्हणतात, मलिदा (एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना आणि गोड पोहे-फळांचं ताट) घरी करा आणि हॉलवर मटण बिर्याणी ठेवा. जाऊबाईंच्या मुलाच्या वेळी म्हातारी माणसं उपाशीच नऊला घरी गेली आणि मुलं जिन्यात मोबाइल घेऊन बसली होती. धाकटी लेक दहा वर्षांची, ती विचारते, ‘मी काय करू?’ सगळ्यांना आवडेल असं काही जमेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जमेल. पण आधी हॉलवाल्याला फोन करा आणि 20 तारीख सोडा.

2026 चा 20 डिसेंबर म्हणजे यहुदी पंचांगातल्या तेबेत महिन्याची दहावी तिथी, दहा तेबेत, उपासाचा दिवस. पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. ठाण्यात त्या सुमारास सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, म्हणजे उपास सुटायला साडेसहा. त्यानंतर पार्टी करायला आडकाठी नाही म्हणा, पण दिवसभराचा उपास सोडून आलेली सत्तरीची माणसं हॉलमध्ये शिरताच जेवण शोधणार, आणि घरचं कोणी स्वयंपाकावर देखरेख करत असेल तर त्याला मीठ चाखून बघता यायचं नाही. शनिवारी 19 ला रात्री उपास सुरू झालेला नसतो, पण शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुटायलाच साडेसहा वाजतात. त्याआधी हॉल सजवता येत नाही की चूल पेटवता येत नाही. पार्टी रंगायला नऊ वाजतील, म्हणजे जाऊबाईंकडे झालं तेच पुन्हा.

मुलाची खरी तारीख मात्र फार सोयीची आली आहे. आपल्याकडे तिथीने आणि तारखेने असे दोन वाढदिवस असतात ना, तसंच हे. बार मिट्झ्वा तिथीने धरायचा. 10 डिसेंबर 2013 ला सात तेबेत होती. यंदा सात तेबेत 17 डिसेंबरला, आणि तो गुरुवार आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचली जातेच. शनिवारी जे चालत नाही ते गुरुवारी सगळं चालतं: तेफिल्लिन (प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि डोक्याला बांधायच्या चामडी पेट्या) बांधता येतात, फोटो काढता येतात, आजीला रिक्षाने आणता येतं.

एक गोष्ट मात्र आजच तपासा: जन्माची वेळ. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मुलगा 10 तारखेला दिवेलागणीनंतर जन्मला असेल तर त्याची तिथी आठ तेबेत, म्हणजे यंदा शुक्रवार 18. मग तेफिल्लिन शुक्रवारी आणि तोरेसमोर पहिलं बोलावणं शनिवारी 19 ला. जन्मदाखल्यावर फक्त तारीख असते, वेळ हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर सापडते. ते प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांना दाखवून तारीख कायम करा, मगच पत्रिका छापा.

वेळ दिवसाची निघाली तर आखणी अशी: गुरुवारी 17 ला सकाळी सिनेगॉगमध्ये विधी आणि नाश्ता, रविवारी 27 डिसेंबरला संध्याकाळी हॉलवर पार्टी. विधी तेराव्या वर्षाच्या आधी करता येत नाही, मेजवानी नंतर कधीही करता येते. तोवर शाळांना नाताळची सुट्टी असते. अश्दोदच्या मंडळींना मधले नऊ दिवस मोकळे मिळतील, नवगाव (आपले पूर्वज प्रथम उतरले असं मानतात ते गाव)-अलिबाग करून येतील.

गुरुवारचं काम छोटं, पण त्यात एक काटा आहे: मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. कामाच्या दिवशी सकाळी दहा पुरुष जमवणं ठाण्यातही सोपं नाही. दहा जणांनी ‘येतो’ म्हटलं तर सात येतात, म्हणून चौदा जणांकडून शब्द घ्या आणि आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करा, नुसता ग्रुपवर निरोप नको. आणि हो, त्या सकाळी तुमचा मुलगा स्वतः मिन्यानात धरला जातो. नऊ जमले आणि दहावा तोच, असं झालं तर घाबरू नका. त्याच्यासाठी याहून मोठा मान नाही.

गुरुवारचं वाचन आखूड असतं, तीनच जणांना बोलावतात. त्या आठवड्याची परशा (तोरेतला ठरलेला भाग) वय्यिगाश, म्हणजे यहुदा योसेफापुढे येऊन धाकट्या भावासाठी रदबदली करतो तो भाग. मुलाला यातले थोडेच पसुक (श्लोक) वाचायचे आहेत, तेव्हा सूर घोटून घ्यायला आत्तापासून आठवड्याला दोन बैठका पुरतील. तेफिल्लिन पाहुण्यांना इस्राएलहून आणायला सांगणार असाल तर ते नोव्हेंबरपर्यंत हातात हवेत, कारण बांधायची सवय महिनाभर आधीपासून लावतात. ऐन दिवशी पट्टा सैल राहतो, डोक्यावरची पेटी कपाळावर घसरते, आणि मुलाचं सगळं लक्ष तिकडे. पेटी कपाळावर नको, जिथून केस सुरू होतात त्याच्या वर हवी.

वाचन संपल्यावर गोड उधळायचं असेल तर कडक गोळ्या नकोत. तेरा वर्षांची पोरं गोळी उधळत नाहीत, नेम धरून मारतात, आणि ती हझानच्या चष्म्याला लागते. मऊ टॉफ्या जाळीच्या पुडीत दोन-दोन बांधा आणि उधळायचं काम आठ वर्षांखालच्यांना द्या. जेली टाळा, तिच्यात बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांचं.

आता रविवार. तुमच्या पत्रात ‘स्टेज’ हा शब्द नाही, पण हॉलवाल्याच्या पॅकेजात तो असणारच: दोन सिंहासनं, मागे फुलांची भिंत. ते काढून टाका. 130 पाहुणे म्हणजे पन्नासेक कुटुंबं. एकेकाने पाकीट देऊन फोटो काढायचा तर दीड मिनिट, एकूण सव्वा तास. तेवढा वेळ मुलगा वर उभा राहून हसतो, त्याचे मित्र खाली वाट बघून जिन्यात जातात, आणि म्हातारी माणसं गुडघे धरून रांगेत. जाऊबाईंकडे बहुतेक हेच झालं असणार. हे लग्नाचं रिसेप्शन नाही. पाकिटांसाठी दाराशी पेटी ठेवा, तिच्याजवळ एका जबाबदार मामाला बसवा, आणि फोटोवाल्याला सांगा की मुलगा जाईल तिथे मागे फिर. (पाकिटात किती घालायचे हे वर्गमित्रांच्या आया विचारतीलच. आपल्याकडे 18 च्या पटीत देतात, 180 किंवा 360. 101 दिले तरी कोणी परत करत नाही.)

दुसरं, सगळ्यांना एकाच वेळी सारखी मजा यावी हा हट्ट सोडा. 78 वर्षांच्या बाईला आणि तेरा वर्षांच्या पोराला एकत्र आवडेल असं जेमतेम दीड-दोन तासांचं निघतं. ते सुरुवातीला घ्या, सगळे ताजे असताना. पुढचा वेळ खुशाल वाटून टाका, ज्येष्ठांना जेवण आणि गप्पा, पोरांना डीजे. बहुतेक ठिकाणी उलटं करतात: दारातच डीजे, आणि केक, भाषण, जेवण सगळं नऊनंतर.

वेळा अशा धरा. साडेपाचला दार उघडायचं, चहा-खाणं. सव्वासहाला मलिदा. पावणेसातला मुलाचं भाषण आणि लगेच केक. सातला नकाशाचा खेळ, त्याबद्दल पुढे सांगतो. साडेसातला ज्येष्ठांची पानं टेबलावर वाढायची, त्यांना बुफेच्या रांगेत उभं करायचं नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन याच वेळेवर अवलंबून असतात, तेव्हा ही वेळ पत्रिकेतच छापा. आठला मुलाला खुर्चीवर उचलून नाच, सव्वाआठपासून डीजे, साडेनऊला बंद. हॉल साडेदहापर्यंत घ्या, आवरायला तासभर लागतोच.

सासूबाईंचा मलिदा घरी नको, हॉलवरच हवा. जैन शेजाऱ्याला, अश्दोदच्या नातवाला आणि सासूबाईंना एकाच ताटातलं चालेल असं पार्टीत हे एकच आहे: पोहे, खोबरं, साखर. 130 जणांना वाटीभर द्यायचा तर तीन किलो जाडे पोहे, दहा-बारा नारळ, दीड किलो साखर, तीसेक ग्रॅम वेलची, बदाम-पिस्ते पाव-पाव किलो. बिघडतो तो बहुधा घाईने. सकाळीच कालवून ठेवला की साखरेला पाणी सुटतं, पोह्यांचा गोळा होतो आणि ओलं खोबरं आंबूस लागतं. पाच वाजता पोहे धुवून चाळणीत निथळत ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी दाणा बोटाने दाबून बघा: मऊ लागला पण फुटला नाही तर झालं. खोबरं हाताने हलके मिसळा, पळीने घोटू नका. साखर, वेलची आणि सुका मेवा पावणेसहाला, त्याआधी नाही. नारळ दुपारी खवून फ्रीजमध्ये राहू द्या.

फळं पाच प्रकारची. केळी कापू नका, काळी पडतात, अख्खीच रचा. ताट लावणाऱ्याला सांगून ठेवा की केळ्याची बेराखा (खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद) झाडाच्या फळाची नसून जमिनीच्या पिकाची आहे, म्हणून ते वेगळं घेता येईल असं मांडायचं. इथे नेहमी गोंधळ उडतो आणि दोन काका मोठ्याने वाद घालतात.

‘एलियाहू हन्नाबी’ हे मलिद्याचं गाणं म्हणताना हॉलमधल्या अर्ध्या लोकांना शब्द येत नसतात. एका पानाचं कार्ड छापा. पुढच्या बाजूला हिब्रू शब्द देवनागरीत, खाली मराठी अर्थ. आपल्या जुन्या मंडळींना ही सवय आहेच, आणि वर्गातली बावीस मुलंही ते वाचू शकतात. मागच्या बाजूला हिब्रू लिपीत, अश्दोदच्या पोरांसाठी. टाइप 16 पॉइंटचा, त्याहून बारीक आजींना दिसत नाही. ताटं फिरवायचं काम वर्गमित्रांना द्या, चार-चारच्या टोळ्या करून. हातात काम असलं की मोबाइल खिशात जातो. दाराशी चाळीसेक टोप्या ठेवा, आणि पत्रिकेबरोबर दोन ओळी पाठवा की हा नुसता वाढदिवस नाही, मलिद्याच्या वेळी मुलांनी डोकं झाकायचं आहे. पाहुण्याला आधी सांगितलं की तो आवडीने करतो, ऐन वेळी सांगितलं की अवघडतो.

मलिद्यानंतर, नात्यातल्या बायकांचा कीर्तनाचा गळा अजून टिकून असेल, तर दहा मिनिटं योसेफाच्या आख्यानाला द्या. मुलाने वाचलेली परशा तीच. दहा म्हणजे दहाच. बाराव्या मिनिटाला मागची रांग उठते.

मुलाचं भाषण तीन मिनिटांचं, कागदावर साधारण तीनशे शब्द. आभारांची यादी त्यात नको. वय्यिगाशमधली एकच गोष्ट आणि तिच्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं तेवढंच. वडिलांनी लिहून दिलेलं भाषण पहिल्याच वाक्याला ओळखू येतं. हॉलच्या माइकवर साडेपाचला एकदा बोलून बघू द्या. तेराव्या वर्षी आवाज फुटत असतो, माइक फार जवळ धरला की नुसती घरघर ऐकू येते. केकवर तेरा मेणबत्त्या एकेका नातेवाइकाला बोलावून, चारोळी म्हणत लावायची अमेरिकन पद्धत हल्ली इथेही दिसते. तिला पंचवीस मिनिटं लागतात. माझं मत विचाराल तर गाळा.

नकाशाचा खेळ हा या संध्याकाळचा कणा धरा. रायगड जिल्ह्याचा मोठा नकाशा, निदान तीन फूट बाय चार, फोमच्या बोर्डावर चिकटवायचा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर, दिवेकर, आपली आडनावं म्हणजे गावांची यादीच आहे. प्रत्येकाने आपल्या गावावर टाचणी लावायची. वर्गातले ‘कर’ही लावणार, आणि एखादा वर्गमित्र आणि तुमचे काका शेजारच्याच गावचे निघाले की तिथे गप्पा सुरू होतात. ज्यांचं गाव नकाशाबाहेर आहे त्यांच्यासाठी कडेला कोरी पट्टी ठेवा. जैन शेजाऱ्यांचं पालनपूर तिथे लिहिता येईल, अश्दोदही.

त्याला जोडून शोध लावा. आठ ज्येष्ठांकडे एकेक बंद पाकीट द्या. मुलांच्या सहा टोळ्या करा, प्रत्येकीत एक अश्दोदचा आणि निदान दोन वर्गमित्र. पाकिटातली खूण मिळवायची तर त्या आजी-आजोबांना कार्डावरचा प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यायचं: ‘तुमच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी दिवा कशात लावायचे?’, ‘घाणा चालवलेलं घरातलं शेवटचं माणूस कोण?’ शनिवार तेल्यांच्या (तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले पूर्वज) नातवंडांना हा दुसरा प्रश्न फार आवडतो. टोळ्यांना सुरुवात वेगवेगळ्या ज्येष्ठांपासून करून द्या, नाहीतर सहाही एकाच आजोबांवर तुटून पडतात. अश्दोदच्या पोराला मराठी येत नाही, आजींना हिब्रू बोलता येत नाही, मधे वर्गमित्र इंग्रजीतून दुभाषी. वेळ पंचवीस मिनिटं. हा खेळ चालवायचं काम तुमच्या लेकीचं. तिच्या गळ्यात शिट्टी आणि हातात उत्तरांची यादी द्या. दोन वर्षांनी बाराव्या वर्षी तिचा बाट मिट्झ्वा येईल, तोवर तिला सराव होईल.

सहा वर्षांखालची मुलं यात पायात येतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात चटई, ठोकळे आणि दोन कॉलेजच्या मुली पगार देऊन बसवा. मावशीला सांगू नका, ती गप्पांत रमते.

जेवणाचं म्हणाल तर बिर्याणी या पार्टीत नको. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटण आलं की दूध गेलं: चहा, तूप, पनीर, आइसक्रीम सगळं बाद. शिवाय 130 जणांना हाडासकट वीस-बावीस किलो कोशर (धर्मनियमाप्रमाणे चालणारं) मटण लागेल, त्यासाठी शोहेतला (विधीने जनावर कापणाऱ्याला) कितीतरी आधी गाठावं लागेल, आणि एवढं करून निम्मे पाहुणे ते खाणार नाहीत. सासूबाईंचा मान शनिवारी 19 ला दुपारी राखा. घरच्या पंचवीस जणांना मटणाचा रस्सा, शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजवून रात्रभर मंद आचेच्या पत्र्यावर. रविवारी शाकाहारी भांड्यांचा केटरर घ्या: पुरी-भाजी, मसालेभात, कांदा-लसूण-बटाटा नसलेली एक भाजी, सोलकढी. माशांचा तवा वेगळ्या कोपऱ्यात, वेगळं तेल, वेगळा माणूस. सुरमई, रावस किंवा बांगडा, कारण त्यांना पर आणि खवले दोन्ही असतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. केटरर ‘थोडी कोळंबी स्टार्टरला ठेवू का’ असं हमखास विचारतो, तेव्हा हे कागदावर लिहून द्या. पंचाहत्तर मासेखाऊ धरले तर साफ केलेली सुरमई दहा किलो पुरते, म्हणजे बाजारात अख्खी चौदा-पंधरा. तव्याजवळ दही-दुधाचं काही नको, आपल्यात काही घरांत मासे आणि दूधही एकत्र घेत नाहीत. सोलकढी नारळाची असल्याने प्रश्न येत नाही, पण काही केटरर तिच्यात ताक ढकलतात, विचारून घ्या. गोड म्हणून गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. केक बिनअंड्याचा आणि बिनजिलेटिनचा, म्हणजे जैन घरंही खातील.

डीजेला दोन गोष्टी लेखी सांगा. एक, साडेसहा ते आठ फक्त माइक, पार्श्वसंगीतही नाही, कारण श्रवणयंत्राला माणसाचा आवाज आणि गाणं नीट वेगळं काढता येत नाही. दुसरी, स्पीकर ज्येष्ठांच्या टेबलांच्या समोरच्या भिंतीला नकोत. ती टेबलं दाराजवळ, स्पीकरच्या पाठीमागच्या अंगाला लावा. हॉलला लागून एखादी खोली असेल तर ती मागून घ्या, सव्वाआठनंतर चहाची किटली आणि म्हातारी मंडळी तिकडे.

खुर्चीवर उचलायच्या नाचात आपल्याकडे एक धोका आहे: छताचा पंखा. खांद्याच्या उंचीला उचललं की बसलेल्या मुलाचं डोकं सहज सात फुटांवर जातं, हात वर केले की साडेआठ. हॉलचे बरेच पंखे नऊ फुटांवर असतात. आदल्या दिवशी टेप घेऊन मोजा, ती जागा जमिनीवर टेपने आखा, आणि आठच्या पाच मिनिटं आधी पंखा बंद करायला एक माणूस नेमा. पाती पूर्ण थांबायला वेळ लागतो. प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय फाकतात. हातांची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची, सारख्या उंचीचे चार धट्टेकट्टे, मागे दोन जास्तीचे. दीड मिनिटात खाली. सासूबाईंना कोणी उत्साहाने उचलायला निघालं तर थांबवा. त्यांची खुर्ची मधे ठेवा आणि सगळ्यांनी भोवती फेर धरा.

उरलेला मलिदा द्रोणांत भरून, झाकून दाराशी ठेवा. कोणी आठला निघेल, कोणी साडेनऊला, हात रिकामा जायला नको. पण साडेनऊनंतर उरला तर वाटू नका. खोबरं तोवर बिघडायला लागलेलं असतं.